कुत्र्याच्या वाट्याची भाकरी

हरभरा फुलावर आला की नदीकडून येणाऱ्या सकाळच्या वाऱ्याला थोडा आंबट वास असतो. सगळ्यांना तो येत नसावा. यांना विचारलं तर हे म्हणतात, "कसला वास? औषधाच्या कारखान्याचा असेल." यांच्या अंगाला, कपड्यांना, जेवणाच्या डब्यालाही कारखान्याचाच वास असतो, तेव्हा यांचं खरं धरता येत नाही. मला मात्र येतो. मार्गशीर्ष अर्धा झाला की एखाद्या सकाळी दार उघडताना तो येतो आणि माझे कान गरम होतात. कुणी काही बोललेलं नसतं. दारात कुणी उभंही नसतं.

यंदाही आला. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली.

वहीत लिहिते आहे, कारण तोंडानं मला हे कधी सांगता आलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. गुरुजींनी उभं केलं की उत्तर येत असूनही मी गप्प राहायची, आणि पाटीवर तेच उत्तर बरोबर लिहायची. "हिचं तोंड पाटीत आहे," असं गुरुजी म्हणायचे आणि वर्ग हसायचा. ते अजून तसंच आहे. फक्त पाटीच्या जागी ही वही आली. ती मी ज्वारीच्या कणगीमागे ठेवते.

त्या वर्षी आम्ही पिंपरीत नवे होतो. आमचं गाव माणदेशातलं, जिथं पाऊस पडला तर पडला. इथं रुळांपलीकडच्या माळावर कारखान्याच्या भिंती चढत होत्या आणि हे तिथं कामाला लागले होते. गावात काकींच्या गोठ्याला लागून चार खोल्या काढलेल्या होत्या, त्यांतली शेवटची आमची. काकी म्हणजे आमच्या घरमालकीण. आड त्यांच्याच अंगणात. पाणी भरायचं तर त्यांच्या डोळ्यांसमोरून जायचं. त्या कट्ट्यावर तांदूळ निवडत बसायच्या, आणि तांदळातला खडा जसा त्यांच्या बोटांना सापडायचा तशी चार बिऱ्हाडांतली बातमीही सापडायची. कुणाच्या घागरीला पोचा आलाय, कुणाची चूल आज उशिरा पेटली, सगळं.

आमच्या खोलीच्या मागं छातीइतका तुराट्यांचा कूड होता आणि कुडापलीकडं जैतुनभाभीचं घर. तिच्या नवऱ्याचं मोठ्या रस्त्यावर सायकलचं दुकान होतं. कारखान्यात जाणाऱ्या निम्म्या माणसांची पंक्चरं तोच काढायचा. नदीकाठी त्यांचा रानाचा एक पट्टा होता, त्यात हरभरा आणि कडेनं लसूण. ती मूळची याच गावची. बोलणं काकींसारखंच, व्हय-न्हाईचं. नवऱ्याशी मात्र ती त्यांच्या भाषेत बोलायची, तेव्हा तिचा आवाजही बदलायचा. ती आमच्या आडावर येत नसे. तिचं पाणी नदीवरचं. का येत नाही हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. मीही विचारलं नाही.

मला तिसरा महिना लागला होता. पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. हे कामावर गेले की मी मागच्या मोरीपाशी जाऊन बसायची. एका सकाळी कुडापलीकडून आवाज आला.

"आगं ए पोरी, सकाळधरनं तिसऱ्यांदा ऐकतीया मी. कितवा?"

मी लाजून आत पळाले.

"पळतीस कुठं? पळून प्वाट मागं ऱ्हातंय व्हय?"

मला हसू आलं. त्या गावात आल्यापासून मी पहिल्यांदा हसले असेन. दुसऱ्या दिवशी तिनं कुडावरून एक बाटली दिली. तळाशी चार बोटं पाणी. "आंब हाय. दोन चमचे पाण्यात घाल आन् घे. डोळं मिटून घे, लई आंबाट हाय."

आंब म्हणजे काय हे ज्यानं हरभऱ्याचं रान पाहिलेलं नाही त्याला सांगायला हवं. हरभऱ्याच्या पाल्यावर थंडीत खारट-आंबट दव धरतं. दिवस मावळताना पातळ कापडाचं धडपं त्या रोपांवर पसरून यायचं. उजाडताना जायचं, दवानं ओलं झालेलं धडपं गोळा करायचं आणि भांड्यात पिळायचं. सबंध वाफ्यातून जेमतेम वाटीभर निघते. ती इतकी आंबट असते की महिन्याभरात धडप्याला भोकं पडतात. पिळणाऱ्याच्या बोटांच्या चिरा झोंबतात. जैतुनभाभीची बोटं मी पाहिली होती. लसूण सोलून आणि आंब पिळून ती पांढरी, सुरकुतलेली दिसायची. माझ्या पोटात घोटभर पाणी ठरावं म्हणून ती बोटं रोज पहाटेच्या दवात जात होती. मी काही तिची कुणी नव्हते.

आंबेमागून भाजी आली. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची, लसणाची फोडणी दिलेली, आणि वर बाजरीची भाकरी. तांब्याचा कल्हई केलेला वाडगा होता. त्याच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं, पण अक्षरं आपली नव्हती. मी विचारलं, "काय लिहिलंय?"

"माझ्या आईचं नाव हाय म्हणत्यात. मला कुठं वाचाया येतंय? तू साळा शिकलीयास, तूच वाच की."

"ही अक्षरं आमच्या शाळेत नव्हती."

"मग दोघी बी अडाणीच," ती म्हणाली, आणि आम्ही कुडाच्या दोन्ही अंगांनी हसलो.

ती भाजी माझ्या पोटात राहिली. पंधरा दिवसांत पोटात राहिलेलं पहिलं अन्न ते. संध्याकाळी उरलेली यांना वाढली. हे म्हणाले, "आज भाजी झकास झाली गं." मी नुसती मान हलवली. कुणी केली ते सांगितलं नाही. तो पहिला खोटेपणा, तोंड न उघडताच केलेला.

माझ्या आईनं शिकवलं होतं, आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. पहिल्या वेळी मी वाडग्यात मूठभर शेंगदाणे घातले. दुसऱ्या वेळी गुळाचा खडा. तिसऱ्या वेळी डबे उघडून पाहिले तर एकात हळद होती आणि एकात मीठ. मीठ कुणी वाडग्यात घालून देत नाही. म्हटलं, उद्या देऊ. उद्याही डब्यात काही नव्हतं. वाडगा मी फळीवर ठेवला. मग त्याच्यावर फडकं टाकलं, का तर येता-जाता तो दिसू नये.

देणाऱ्याला काय, तिनं मागितलंच नाही. मीच कुडाकडं जाणं टाळू लागले. धुणं दुपारी वाळत घालायची, ती रानात असेल तेव्हा. ज्या बाईच्या भाजीवर माझ्या पोटातला जीव वाढत होता, तिची सावली दिसली की मी आत जायची. आता वाटतं, मला तिची लाज वाटत नव्हती. माझ्या रिकाम्या डब्यांची वाटत होती. पण तिला काय दिसलं असेल? तिला माझी पाठ दिसली असेल.

तिच्या लक्षात आलं. एके दिवशी ती कुडाशी हलकं जर्मनचं पातेलं घेऊन आली, माझ्या ताटात भाजी ओतली आणि पातेलं लगेच काखेत घेतलं. "असं बरं," म्हणाली, "भांड्याची कटकट न्हाई." वाडग्याचं नावही काढलं नाही. तिनं माझे डबे न उघडता पाहिले होते.

आणि मग आडावरची ती सकाळ.

मी घागर बुचकळत होते. काकी कट्ट्यावर होत्या. आणखी दोन बाया कळशा घेऊन उभ्या होत्या. काकी मान वर न करता म्हणाल्या, "काय गं इंदू, मागच्या कुडावरनं रोज काय येतंय?"

"पाला. हरभऱ्याचा."

"हिरवा का शिजल्याला?"

त्या प्रश्नात सगळं होतं. हिरवा पाला चालतो. हिरव्या पाल्याला घर नसतं. शिजलेल्याला असतं. बायांनी कळशा खाली ठेवल्या.

"शिजलेला," मी म्हटलं.

"मग खातीस?" आता त्यांनी मान वर केली. "न्हाई, आमच्या आडाचं पाणी भरतीस म्हणून इचारते."

मला खोली दिसली, यांचा चेहरा दिसला, पोट घेऊन दुसरीकडं जागा शोधत फिरणं दिसलं. हे सगळं खरंच दिसलं का, की मी आता स्वतःची बाजू धरून लिहिते आहे, ते सांगता येत नाही. काकींनी खोली सोड म्हटलेलं नव्हतं. फक्त विचारलं होतं. आणि माझं तोंड, जे शाळेत कधी उघडलं नाही, ते उघडलं.

"नाही काकी. मी कशाला खाऊ? कुत्र्याला घालते."

मग एक बाई म्हणाली, "कुत्र्याची मजा हाय बाबा! आमच्या मालकांस्नी सांगते, फुडल्या जन्मी इंदूच्या दारचं कुत्रं व्हा. आयती भाकरी!" सगळ्या हसल्या. काकी हसल्या.

मीही हसले. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. खोटं बोलले ते भीतीनं, असं म्हणता येईल. पण हसायला मला कुणी सांगितलं नव्हतं. तिची भाजी त्या वेळी माझ्या पोटात होती, आणि ठरली होती.

आळीत बोललेलं कुडापलीकडं जायला वेळ लागत नाही. त्या दिवशी भाभी आली नाही. कुडाशी तिची चाहूलही नव्हती. दुसऱ्या दिवशी आली ती पुढच्या बाजूनं. कधी येत नसे. काकींच्या कट्ट्यावरून, चारही खोल्यांच्या दारांवरून चालत, एका हातात पातेलं आणि दुसऱ्या हातात पळसाच्या पानावर शिळी भाकरी. दारात उभी राहून ओरडली,

"इंदू! कुत्र्याचं आणलंय गं!"

मला जमीन फाटली तर बरं असं झालं. तिनं पान उंबऱ्यापाशी ठेवलं. "ह्यो कुत्र्याचा वाटा," म्हणाली. मग आत येऊन पातेल्यातली भाजी माझ्या ताटात ओतली, ओच्यातली आंबेची बाटली चुलीपाशी ठेवली. हे कुणाचं ते बोलली नाही. मी मान वर केली नाही. तिचे पाय तेवढे दिसले, नदीची माती लागलेले. ते थोडा वेळ थांबले आणि गेले.

मला वाटलं, चपराक मारून गेली. बरोबरच केलं.

आठ-दहा दिवस ती रोज अशीच आली. रोज पुढच्या बाजूनं, रोज तीच आरोळी, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. रोज दोन वाटे. मला वाटायचं, माझं खोटं ती माझ्या दारात टांगून जाते आहे. पानावरची भाकरी मी गोठ्यामागं नेऊन टाकायची. कावळे यायचे आणि ती खायचे. आणि ताटातली भाजी मी खायची. लाज वाटत असताना भूक लागू नये, पण लागते. मी दार लावून खायची, आणि ताट पुसून खायची.

पुढं हरभरा वाळला. आंब संपली, माझ्या उलट्याही थांबल्या. तिचं येणंही थांबलं. मी माहेरी गेले, पोरगी घेऊन परत आले. जैतुनभाभी कुडावरून पाहायला आली आणि लाल कापडाचं टोपडं देऊन गेली. तेही मी घेतलं. म्हणजे पुन्हा घेतलंच.

सहा वर्षांत आमचं बोलणं होतं. पाऊसपाणी, पोरांची आजारपणं, लसणाचा भाव. ते एक सोडून सगळं. वाडगा फळीवरच राहिला. आता माझ्या डब्यांत साखर असायची, गूळ असायचा, यांचा पगार बरा झाला होता. पण आता वाडगा कशानं भरेल हेच कळेना. मूठभर शेंगदाण्यांचं ते काम राहिलं नव्हतं. तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात ती भांडी मागायला आली. मी माझी दोन मोठी पातेली दिली. तिच्या आईच्या नावाचा वाडगा माझ्या फडक्याखाली होता आणि मी तिच्या हातात माझी पातेली देत होते. तिनं फळीकडं पाहिलं नाही. मी पाहिलं.

यंदा काकींच्या धाकट्या सुनेला दिवस गेले आहेत. तिचंही माझ्यासारखंच, काही ठरत नाही. परवा भोगीच्या सकाळी आडावर काकींनी मला जवळ बोलावलं.

"इंदू, त्या जैतुनकडनं जरा आंब आणतीस का? तिच्या हातची गुणाची असती म्हणत्यात."

माझा दोर हातात तसाच राहिला. मी म्हटलं, "तिच्या घरची चालेल?"

"आगं, औषधाला काय व्हतंय!" काकी म्हणाल्या आणि पुन्हा तांदळात बोटं घातली. "बाटली स्वच्छ हाय का तेवढं बघ."

एवढंच. ज्याच्या भीतीनं मी खोटं बोलले आणि सहा वर्षं गप्प राहिले ते एवढंच होतं. मला राग यायला हवा होता. पण राग कुणाचा करायचा तेच समजेना. काकींना तरी निदान गरज होती आणि त्यांनी ती तोंडानं सांगितली.

घरी आले आणि फडकं काढलं. वाडगा चिंचेनं घासला. कल्हई अजून पांढरी होती, कारण सहा वर्षांत त्यात काही शिजलं नव्हतं. भोगीची भाजी केली होती; पावटा, गाजर, वांगं, हरभऱ्याचे ओले घाटे, तीळ. ती काठोकाठ भरली. वर तीळ लावलेल्या दोन भाकऱ्या ठेवल्या. आणि कुडाकडून न जाता पुढून निघाले. काकींच्या कट्ट्यासमोरून. वाडगा पदराखाली घ्यायला गेले, तेही हसण्यासारखंच, कारण काकींनीच तर पाठवलं होतं.

भाभी अंगणात लसूण मोकळा करत बसली होती. वाडगा पाहिला आणि हात थांबले. अंगठा काठावरच्या ठिपक्यांवरून फिरवला.

"आमचाच की गं ह्यो."

"सहा वर्षं झाली, भाभी."

"भांडं हाय. कुठं जातंय?"

मी म्हटलं, "काकींनी आंब मागितलीय. सुनेसाठी."

"कोणी?" ती मोठ्यानं हसली. एवढी की लसणाची सालं उडाली. मग उठली, आत गेली आणि बाटली घेऊन आली. "आज सकाळचीच हाय. दोन चमचे पाण्यात, म्हणावं. ज्यास्त देऊ नका, दात आंबत्यात."

"तुम्ही देता?"

"मग? पोटुशीला न्हाई म्हणू?"

आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळलं. "भाभी," मी म्हटलं, "तेव्हा ते कुत्र्याचं मी बोलले होते... ते सगळं मीच खात होते. रोज. पुसून खात होते."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "मग कोण खाणार? कुत्र्याला उलट्या व्हत्यात व्हय गं, आंब द्याया?" मग आवाज खाली आला. "आगं, आळीत कुत्रं व्हतंच कुठं? तुझ्या काकीनं कवा एकाला तरी ठरू दिलंय?"

मी आठवून पाहिलं. खरंच नव्हतं. म्हणून तर कावळे यायचे.

"मग ती भाकरी कशाला आणायचात?"

"काकी दारातच बसायची न्हवं? एखाद्या दिशी म्हणाली असती, कुठं हाय तुझं कुत्रं, कुठं हाय त्याचा वाटा. काय सांगणार व्हतीस तू? तुझं त्वांड तर असं." तिनं ओठ मिटून दाखवले. "तिला रोज दिसाया नको का कुत्र्याचा वाटा? म्हणून पुढनं यायची. वरडून वरडून गळा बसला माझा."

मी खाली बसले. तिनं दोन पाकळ्या सोलल्या आणि न बघता म्हणाली, "वाईट वाटलं न्हाई असं न्हाई. पयल्या दिशी लई रडले. भाजी केली आन् तशीच झाकून ठिवली. मग सकाळी तुझा आवाज आला मोरीपासनं. म्हणलं, मरू दे. ही उपाशी ऱ्हायली तर मलाच ऐकवायचं न्हाई कुडापलीकडनं."

मला रडू आलं नाही. आलं असतं तर तिनं समजूत घातली असती, आणि तेही मी घेतलं असतं.

निघताना मी वाडग्याकडं पाहिलं. भाजी तिनं काढून घेतली नव्हती. "भाभी, हा आता तुमचाच," मी म्हटलं.

"माझा हाय त्यो. पर उद्या तुझ्याकडं यील," ती म्हणाली. "रिकामा ठिवू व्हय?"

बाटली घेऊन मी परत आडाशी आले. काकी तिथंच होत्या, त्यांच्याजवळ तीच बाई, जिनं फुडल्या जन्मीचं म्हटलं होतं. मी बाटली दिली. दोन चमचे पाण्यात, असं सांगितलं. मग तशीच उभी राहिले. शाळेत उभं केल्यासारखी.

"काकी," मी म्हटलं, "त्या वर्षी ती भाजी मी कुत्र्याला घालत नव्हते. मीच खात होते."

काकींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"कुठलं गं कुत्रं?" त्या म्हणाल्या, आणि बाटली उजेडात धरून किती भरली आहे ते पाहू लागल्या.